विट्याचं बघा!

सोमवारी सकाळी सव्वादहाला तासगाव शाखेचा फोन आला.

"सर, कनेक्ट हुईना."

"मेसेज काय येतोय?"

"इंग्लिशमध्ये आलाय."

"वाचा की."

"गेला."

"गेला म्हणजे?"

"खाली ओके लिहिलं होतं. दाबलं."

मी एका नागरी पतसंस्थेचं संगणकाचं काम बघतो. मुख्य कार्यालय सांगलीत. शाखा तासगाव, पलूस आणि विटा. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या चुका येणार आहेत त्यांतल्या निम्म्या माझ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या ज्यांच्या आहेत ते माझा पगार काढतात.

दहा मिनिटांत पलूसचा फोन. तोच रोग. तिसरा फोन मॅनेजरसाहेबांचा. "तासगाव बंद, पलूस बंद! जरा विट्याचं बघा, कसं सुरळीत चाललंय!"

'विट्याचं बघा' हे आमच्या संस्थेत नेहमीचं आहे. वसुली कमी झाली, विट्याचं बघा. हजेरीपत्रक अर्धवट राहिलं, विट्याचं बघा. विट्याच्या शाखाधिकाऱ्यांचा फोटो अजून कार्यालयात लावलेला नाही, एवढंच बाकी आहे.

आता ही भानगड काय ती थोडक्यात सांगतो. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीचं. शाखा आणि सांगली यांच्यात ते मोकळ्या आवाजात बोलतं. एसटीत शेजारच्या सीटवरचा गृहस्थ मोबाइलवर खातं नंबर, शिल्लक आणि मेव्हण्याला उसने दिलेले पैसे हे सगळं जसं साऱ्या गाडीला ऐकवतो, तसं. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने धंदा बदलला असल्यामुळे त्याला हळू बोलायला शिकवणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून मी त्याच्या दोन्ही टोकांना स्टनेल नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं. पोलंडचे मिहाऊ ट्रोयनारा १९९८ पासून ते सांभाळत आहेत. इकडचं मोकळं बोलणं ते कुलूपबंद करतं, तिकडे उघडून देतं; मधे ऐकणाऱ्याच्या कानी नुसती खरखर. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. संचालक मंडळालाही नाही.

या कुलपाचं गणित अफाट आहे. दोन अनोळखी माणसांनी भर चौकात, सगळ्यांच्या देखत बोलून आपसात गुपित ठरवायचं आणि तरी ते इतर कोणाला कळू द्यायचं नाही, ही युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दोन चाव्यांचं कुलूप काढलं: एक चावी साऱ्या गावाला वाटायची, दुसरी जिवापाड जपायची. आमच्या सर्व्हरच्या चावीतला मुख्य आकडा २०४८ बिटांचा आहे. तो वहीत लिहून काढायचा म्हटलं तर ६१७ अंकी होतो. त्याचे अवयव पाडले की कुलूप तुटलं. पण या जातीच्या कोड्यांपैकी आजवर जाहीरपणे फोडलेलं सगळ्यात मोठं कोडं २५० अंकी आहे, २०२० साली फोडलेलं, आणि त्यालाही एकट्या संगणकाची हजारो वर्षं भरतील एवढं काम अनेक संगणकांत वाटावं लागलं. तेव्हा पलूसच्या बचत खात्यांसाठी कोणी ६१७ अंकांच्या वाटेला जाईल, अशी भीती मला नाही.

भीती आहे ती दाखल्याची.

कुलूप पक्कं आहे हे ठीक, पण समोरचा खरोखर सांगलीचा सर्व्हरच आहे कशावरून? तो म्हणतो, मीच तो. आपण म्हणतो, दाखला आणा. आणि इथून पुढे गणित संपून तहसील कचेरी सुरू होते. डिजिटल प्रमाणपत्र म्हणजे दुसरं काही नाही: नाव, गावाला वाटायची चावी, मुदत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, आणि खाली देणाऱ्याची सही. देणारा खरा कशावरून? त्याचा दाखला वरच्याने दिलेला. असं चढत गेलं की सगळ्यात वर एक मूळ पुरुष बसलेला असतो. त्याचा दाखला त्याने स्वतःच स्वतःला दिलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. असे शंभरावर मूळ पुरुष तुमच्या संगणकात आधीपासून नांदत आहेत. तुम्ही त्यांना निवडून दिलेलं नाही, पण तुमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे असं संगणकाने तुमच्या वतीने ठरवून टाकलं आहे.

आमच्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. मार्कलिस्टची झेरॉक्स खरी आहे हे सिद्ध करायला राजपत्रित अधिकारी शोधत आम्ही गावभर हिंडलो आहोत. तो आम्हाला ओळखत नसे, आम्ही त्याला ओळखत नसू, आणि ज्या कॉलेजात कागद द्यायचा ते दोघांनाही ओळखत नसे. पण शिक्का गोल आणि जांभळा असला की भागत असे. पुढे सरकारला दया आली आणि स्वतःच्या झेरॉक्सवर स्वतःच सही करून चालू लागलं. संगणकाच्या राज्यात मात्र ही सवलत अजून पोहोचलेली नाही. स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र दाखवलं की ब्राउझर लाल होऊन 'तुमची माहिती चोरीला जाऊ शकते' असं ओरडतो. मूळ पुरुषाने तेच केलं तर मात्र नमस्कार.

मूळ पुरुषही घसरतात, हे वेगळं. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची दाखले देणारी कंपनी होती. २०११ मध्ये चोर तिच्या यंत्रणेत शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावासह पाचशेच्या वर खोटे दाखले छापून घेतले. म्हणजे तलाठ्याचा शिक्का चोरून सातबारा काढण्याचाच प्रकार. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. आणि आपल्याकडे २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या दाखला विभागातून गूगलच्या नावांचे अनधिकृत दाखले निघाल्याचं गूगलनेच जाहीर केलं, आणि मग ते मधले शिक्के रद्द करण्याची पळापळ झाली.

असो. सोमवारकडे येतो.

नियमाप्रमाणे प्रथम एकमेकांकडे बोट दाखवण्याचा कार्यक्रम झाला. इंटरनेटवाला म्हणाला, लाइन ओके आहे, राउटर बंद करून चालू करा. केला. अँटिव्हायरसवाला म्हणाला, आमचं रिन्यूअल बाकी आहे, बाकी काही नाही. कॅशियर मॅडम म्हणाल्या, शनिवारी तर चालत होतं. हे वाक्य ऐकून माझ्या पोटात बारीकसं काहीतरी हललं, कारण शनिवारी संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर सर्व्हरचं प्रमाणपत्र संपत आलं म्हणून नवीन बसवणारा माणूस मीच होतो.

पण कोणीही कबुली देण्याआधी पुरावा मागतो. मी पलूसकडून स्टनेलच्या नोंदवहीचा फोटो मागवला. पहिला फोटो पंख्याच्या वाऱ्याने हललेला. दुसऱ्यात नोंदवही होती, पण तीवर लंचसाठी उघडलेला डबा आला होता. तिसऱ्यात वाक्य सापडलं: दाखला देणारा इथे सापडत नाही.

ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरने अशा तक्रारींना क्रमांक दिले आहेत, आणि मला ते आता लोकल गाड्यांसारखे पाठ झाले आहेत. १८ म्हणजे स्वतःच सही केलेली. १० म्हणजे मुदत संपली. ९ म्हणजे मुदत अजून सुरूच झालेली नाही. पलूसचा होता २०. त्याचा अर्थ: सर्व्हरने आपला दाखला दाखवला, मूळ पुरुषाचं नाव पलूसच्या संगणकाला ठाऊक आहे, पण मधला कागदच नाही. नातू उभा आहे, आजोबांचा फोटो भिंतीवर आहे, आणि बापाचं नाव विचारलं की सगळे गप्प.

त्याचं असं झालं. दाखला देणारे तुम्हाला दोन फाइली पाठवतात: एक तुमची, एक मधल्याची. दोन्ही एकाखाली एक चिकटवायच्या, आपली वर, मधल्याची खाली. उघडून पाहिल्या तर दोन्ही सारख्याच दिसतात. अक्षरांची भरताड, आणि दोन्हींची सुरुवात 'एमआयआय' याच तीन अक्षरांनी. आत लांबी लिहायची पद्धत ठरलेली असल्यामुळे या आकाराच्या झाडून सगळ्या प्रमाणपत्रांची सुरुवात अशीच होते. शनिवारी संध्याकाळी, घरून दुसऱ्यांदा फोन आलेला असताना, मी एकच फाइल दोनदा चिकटवली होती.

'पण तुम्ही तपासलं नव्हतं का?' तपासलं होतं की! माझ्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरने दाखल्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही. ब्राउझर म्हणजे मुरलेला हेडक्लार्क. मधला कागद नसला तर 'राहू द्या, मी मागवून घेतो' म्हणतो आणि परस्पर आणून फाइलला लावतो. स्टनेल म्हणजे परीक्षा देऊन नुकता भरती झालेला पोरगा. कागद नाही? खिडकी बंद. त्यामुळे जे ब्राउझरमध्ये चालतं ते इतरत्र चालतंच असं नाही, एवढी एक गोष्ट या धंद्यातल्या कोणालाही विचारा, तो उसासा टाकून दुजोरा देईल.

मधला कागद लावला. पलूस सुरू झालं. मॅनेजरसाहेबांना मी 'सर्व्हरच्या बाजूने विश्वाससाखळीत त्रुटी होती' असं कळवलं. त्रुटीला कर्ता लागत नाही, हा मराठी भाषेचा मोठेपणा आहे.

"पण हे मुदतीचं कशाला काढलंय?" साहेब म्हणाले. "एकदा दिलं की दिलं. जन्मदाखल्याला मुदत असते का?"

मी म्हटलं, "साहेब, हा जन्मदाखला नाही, हयातीचा दाखला आहे. आपले पेन्शनर नाही का, दर नोव्हेंबरला 'मी जिवंत आहे' म्हणून अंगठा द्यायला येतात?"

हे त्यांना पटलं, कारण त्यांचे सासरे त्या रांगेत असतात. मग मी उत्साहाच्या भरात पुढचंही सांगितलं आणि फसलो. पूर्वी हा दाखला दोन-तीन वर्षं चालायचा. सप्टेंबर २०२० पासून तो ३९८ दिवसांवर आला. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस असं ब्राउझरवाल्यांनी आणि दाखलेवाल्यांनी मिळून ठरवलं आहे. पेन्शनरांना वर्षातून एकदा, सर्व्हरला दर दीड महिन्याला. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही दर दीड महिन्याला असं करणार?"

मी त्यांना मोठ्यांची उदाहरणं दिली. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद. तिकडे जपानात सॉफ्टबँकचंही तेच. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचं टीम्स काही तास मूर्च्छित पडलं, कारण? दाखल्याचं नूतनीकरण राहिलं. तेव्हा तासगाव-पलूस म्हणजे जागतिक परंपरेला धरूनच आहे.

"पण विटा चालू होतं ना?" साहेब म्हणाले.

यावर जागतिक परंपरेत उत्तर नव्हतं.

तासगाव मात्र अजून बंदच होतं. लांबून बघायचं सॉफ्टवेअरही तिकडे जोडेना. दुपारी मोटारसायकल काढली. पंचवीस-एक किलोमीटर. शाखेत पोहोचताच चहा आणि बशीभर बेदाणे आले. तासगावात कोणत्याही संकटाची सुरुवात बेदाण्यांनी होते, त्यामुळे ते तितकंसं गंभीर वाटत नाही. नोंदवही उघडली. तक्रार क्रमांक ९. दाखला अजून वैध झालेला नाही.

म्हणजे कसं? परवाच तर घेतला! मी दाखला पाहिला, मुदत पाहिली, वेळेतला फरक पाहिला, पाऊण तास दिशा बदलून बदलून शोधलं. शेवटी शिपाईमामा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "सायेब, त्या कोपऱ्यात तारीख एक जानेवारी दोन हजार नऊ का दाखवतंय?"

आता या प्रश्नापुढे ६१७ अंकांची काय कथा! संगणकाच्या मते २००९ साल नुकतंच उजाडलं होतं, आणि एवढ्या वर्षांनी जन्माला येणाऱ्या दाखल्यावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावं म्हणून आत नाण्याएवढा एक सेल असतो. तासगावचा सेल कधीच गेला होता. पण प्लग कायम चालू असल्यामुळे त्यावाचून अडत नव्हतं. मग गेल्या आठवड्यात अध्यक्षांचं परिपत्रक आलं: वीज वाचवा, शनिवारी जाताना मेन स्विच बंद करा. शिपाईमामांनी ते तंतोतंत पाळलं. संस्थेच्या इतिहासात परिपत्रक पाळलं जाण्याची ही पहिली वेळ, आणि तिने शाखा बंद पाडली.

"तारीख चुकीची आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघतो," क्लार्क म्हणाले. बरोबरच आहे. त्यावर एकादशी पण असते.

घड्याळवाल्याच्या दुकानातून सेल आणला. त्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. बसवला, तारीख लावली, तासगाव सुरू झालं. बिल सांगलीला दिलं तेव्हा साहेबांनी सेलचं वेष्टन निरखून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "२०३२ पर्यंत बघायला नको." खरेदी रजिस्टरमध्ये 'सुरक्षा सेल, मुदत २०३२' अशी नोंदही झाली. मी दुरुस्ती सुचवली नाही. कुठेतरी एका वस्तूची मुदत लांब आहे, या कल्पनेने साहेबांना झोप लागत असेल तर लागू द्यावी.

मग त्यांनी आदेश काढला. "असं करा, विट्याचं जे सेटिंग आहे तेच सगळ्या शाखांना टाका."

आदेश योग्यच होता. मी विट्याच्या शाखाधिकाऱ्यांकडून सेटिंगच्या फाइलचा फोटो मागवला. विट्याचा फोटो, त्यामुळे स्वच्छ आणि सरळ. वरून वाचत खाली आलो आणि एका ओळीवर थांबलो. तिथे लिहिलं होतं: दाखल्याची तपासणी, नाही. आणि शेजारी रोमन अक्षरांत शेरा: 'तात्पुरतं, २०१७'.

म्हणजे इतकी वर्षं विटा शाखा समोरच्याला दाखला विचारतच नव्हती. कोणीही येऊन 'मी सांगली' म्हणावं, विट्याने कुलूपबंद करून सगळा हिशेब त्याच्या हवाली करावा. कुलूप उत्तम, पण चावी कोणाच्या हातात देतोय ते बघायचं नाही. ज्या विट्याची गलाईवाली माणसं भारतभर सोन्या-चांदीचा कस लावत बसली आहेत, त्या विट्यात! मधला कागद नव्हता तरी विटा चालू होतं, ते यामुळे. उद्या मी किराणा मालाची यादी दाखला म्हणून लावली असती तरी विटा सुरळीत चाललं असतं.

शेऱ्याखाली नाव नव्हतं. पण 'तात्पुरतं' या शब्दात चार टी घालणारा माणूस संस्थेत एकच आहे.

साहेबांना मी हे सांगितलं नाही. विट्याला फोन करून म्हटलं, "त्या ओळीत 'नो'चं 'येस' करा." त्यांनी केलं. दोन मिनिटांनी त्यांचा आवाज आला, "सर, चालू होतं ते बंद कशाला केलंत?"

"नोंदवहीत काय क्रमांक आहे?"

"नऊ."

"आणि कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

थोडा वेळ शांतता. मग, "सर, हे तर २००९ दाखवतंय. पण सर, हे पहिल्यापासूनच असंय. मागं एकदा तुम्हीच आला होता, म्हणाला होता सेल टाकायला पाहिजे, पुढच्या खेपेला आणतो. तोवर तात्पुरतं करून दिलं होतं."

तेव्हा एक विनंती. सध्या विट्याचे शिपाईमामा रोज सकाळी कॅलेंडर बघून संगणकाला तारीख सांगतात, मग शाखा उघडते. वाचकांपैकी कोणी या आठवड्यात सांगलीहून विट्याला जाणारं असेल, तर वाटेत कुठल्याही घड्याळाच्या दुकानातून सीआर२०३२ घेऊन शाखेत द्यावा. पैसे मी देईन. बिल मात्र साहेबांना दाखवू नका.